प्रीकास्ट खांब पायाशी कसा जोडावा: पुलाच्या कामातील ग्राऊटच्या जोडाची सविस्तर कार्यपद्धती

पुलाचा खांब जागेवरच ओतला जातो तेव्हा पायातून वर आलेल्या सळया अखंड वर जातात, त्यांच्याभोवती रिंगा बांधल्या जातात, साचा लागतो आणि काँक्रीट पडते. पाया आणि खांब यांच्यामध्ये उरतो तो केवळ एक बांधकाम-सांधा. खांब यार्डात आधीच ओतून (म्हणजे प्रीकास्ट) आणला की हीच प्रत्येक सळई तुटते, आणि तीही नेमकी त्या पातळीवर, जिथे बहुतेक पुलांमध्ये बेंडिंग मोमेंट (खांबाला वाकवणारा परिणाम) सर्वाधिक असतो आणि भूकंपाच्या वेळी खांब वाकून ऊर्जा जिरवेल अशी अपेक्षा असते. तुटलेल्या सळया पुन्हा एकसंध करण्याची जबाबदारी काही लिटर ग्राऊटवर (सिमेंटच्या प्रवाही, पोकळीत भरता येणाऱ्या मिश्रणावर) येऊन पडते. हा ग्राऊट एकदा भरला की आत काय झाले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि काँक्रीटच्या पृष्ठभागाप्रमाणे हातोडीने ठोकूनही खात्रीने कळत नाही. त्यामुळे या जोडाची खरी तपासणी ग्राऊट भरण्यापूर्वीच होते आणि पुढील मांडणीही त्याच धोरणाने केली आहे.

आकड्यांसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: १.२ मीटर व्यासाचा, ८ मीटर उंचीचा गोल खांब, त्यात ३२ मिमी व्यासाच्या १६ उभ्या सळया. या खांबाचे घनफळ सुमारे ९ घनमीटर आणि वजन सुमारे साडेबावीस टन होते.

जोडाचे प्रकार आणि निवड

प्रत्यक्षात तीन पद्धती अधिक वापरल्या जातात. पहिली ग्राऊट भरलेल्या स्लीव्हची. पायातून वर आलेली डॉवेल सळई खालून आणि खांबातील सळई वरून एकाच पोकळ पोलादी स्लीव्हमध्ये शिरते आणि मधली पोकळी अतिशय भक्कम, न आकसणाऱ्या ग्राऊटने भरली जाते. दोन सळया टोकाला टोक लावून जोडल्या जातात आणि स्लीव्हच्या कवचामुळे ग्राऊट दाबात राहतो, म्हणून प्रत्येक सळईला व्यासाच्या साधारण ७ ते ८ पट एवढीच लांबी पुरते. ही कल्पना अभियंता आल्फ्रेड यी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि होनोलुलूतील आला मोआना हॉटेलच्या प्रीकास्ट खांबांसाठी ती वापरली गेली. पुलांकडे ती नंतर आली.

दुसरी पद्धत डक्टची. यात नालीदार पत्र्याचा डक्ट काँक्रीटमध्ये पुरून ठेवतात, समोरच्या भागातील सळई त्यात शिरते आणि मोकळी जागा ग्राऊटने भरतात. डक्टचा व्यास सळईच्या दोन ते तीन पट ठेवता येत असल्याने जुळवणीत स्लीव्हपेक्षा बरीच अधिक सवलत मिळते. मात्र एक गोष्ट अनेक नकाशांत चुकलेली आढळते. डक्ट स्वतः सळई जोडत नाही. तो सळईला फक्त काँक्रीटमध्ये घट्ट धरतो. डक्ट खांबात असेल तर डॉवेलमधील ताण शेजारच्या उभ्या सळयांकडे जावा लागतो, म्हणजे तो अंतर ठेवून केलेला लॅप (दोन सळया शेजारी-शेजारी ठेवून केलेला जोड) ठरतो आणि त्याची लांबी व त्याभोवतीच्या रिंगा त्या दृष्टीनेच तपासाव्या लागतात. वॉशिंग्टन विद्यापीठात जाड सळयांवर झालेल्या चाचण्यांत डक्टमधील सळई तिच्या व्यासाच्या सुमारे ६ पट लांबीत यील्डपर्यंत (सळई कायमची ताणली जाऊ लागेपर्यंत) आणि सुमारे १० पट लांबीत तुटेपर्यंत धरून राहिली होती. हे आकडे धीर देणारे असले तरी ते प्रयोगशाळेतील स्वच्छ डक्टचे आणि एकेकट्या सळईचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे नकाशावर उतरवू नयेत.

तिसरी पद्धत सॉकेटची. यात सळया ओलांडून जात नाहीत. संपूर्ण खांबच पायामध्ये खोलवर रोवला जातो आणि भोवतालच्या काँक्रीटशी किंवा ग्राऊटशी त्याची पकड बसते. सॉकेटचे टप्पे बरेच निराळे असल्याने त्यांचा विचार शेवटी केला आहे.

निवड करताना प्रथम पायाची जाडी पाहावी. पाया पातळ असेल तर सॉकेट बाद होते. पाया जाड असून सळयांची दाटी कमी असेल तर सॉकेट हा माझ्या मते सर्वांत क्षमाशील पर्याय आहे, कारण त्यात मिलिमीटरची लढाई नसते. पाया आधीच ओतून झाला असेल किंवा पाईल कॅपमध्ये (पाईलच्या डोक्यांवर ओतलेल्या पायात) हात घालायलाही जागा नसेल, तेव्हा स्लीव्ह किंवा डक्ट हाच मार्ग उरतो. या लेखातील मुख्य क्रम स्लीव्ह खांबात आणि डॉवेल पायात अशा, सर्वाधिक आढळणाऱ्या मांडणीचा आहे.

डिझाइनच्या टेबलावर ठरवायच्या गोष्टी

स्लीव्हच्या जोडाकडून सळईच्या निर्धारित यील्ड ताकदीच्या किमान १२५ टक्के भार पेलण्याची अपेक्षा बहुतेक मानकांत असते. आपल्या उदाहरणातील सळईचे छेदक्षेत्र ८०४ चौरस मिमी आहे. ५०० मेगापास्कल यील्ड धरली तर एका सळईचा भार सुमारे ४०० किलोन्यूटन आणि त्याच्या १२५ टक्के म्हणजे सुमारे ५०० किलोन्यूटन होतो. एवढा, म्हणजे जवळपास पन्नास टनांचा, ताण एका मनगटाएवढ्या नळीतून पलीकडे जाणार आहे, हे ग्राऊट मिसळणाऱ्या माणसालाही एकदा सांगून ठेवावे. पाणी मोजून घालण्यावर त्यानंतर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

भूकंपप्रवण भागात याहून सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. स्लीव्हचा भाग सळईपेक्षा खूप ताठ असतो, त्यामुळे त्या लांबीत सळई जवळजवळ ताणलीच जात नाही. खांबाच्या तळाशी जो भाग पसरट लांबीत यील्ड व्हायला हवा, तिथेच स्लीव्ह बसवल्या तर सारा ताण पाया आणि खांब यांच्यामधील चिंचोळ्या सांध्यात एकवटतो आणि सळई अपेक्षेपेक्षा लवकर तुटते. म्हणूनच काही संस्था या पट्ट्यात, म्हणजे प्लॅस्टिक हिंजमध्ये, कपलर (स्लीव्हसारखे सळई-जोड) वापरू देत नाहीत. यावर दोन उपाय चाचण्यांत उपयोगी ठरलेले आहेत: स्लीव्ह खांबाऐवजी पायामध्ये ठेवणे, आणि सांध्यालगत सळईच्या ठरावीक लांबीवर टेप किंवा नळी गुंडाळून तिची काँक्रीटशी पकड मुद्दाम तोडणे, जेणेकरून ताण त्या लांबीत वाटला जाईल. यूटा विद्यापीठातील चाचण्यांत स्लीव्ह पायात ठेवलेल्या खांबांनी अधिक लवचीकता दाखवली होती. स्लीव्ह पायात ठेवायच्या ठरल्या तर त्यांची तोंडे वर उघडी राहतात, आणि मग पाऊस, माती व सिमेंटचे पाणी आत जाऊ न देणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते.

दुसरी बाब साधी आहे, पण बार-बेंडिंगच्या तक्त्यात ती हमखास निसटते. स्लीव्हचा बाहेरचा व्यास सळईच्या दुपटीहून अधिक असतो. रिंग स्लीव्हच्या बाहेरून जाणार असल्यामुळे कव्हर (पोलादाबाहेरचा काँक्रीटचा थर) त्या रिंगेवर मोजावे लागते, आणि ते राखायचे तर ३२ मिमीच्या सळया सुमारे २० मिमी आत सरकवाव्या लागतात. तेवढ्याने खांबाची वाकण्यातील ताकद थोडी कमी होते. हा हिशेब डिझाइनमध्येच झाला पाहिजे. यार्डात फिटरने कव्हर ब्लॉक तासून तो करू नये.

पाया ओतताना: डॉवेलचा टेम्प्लेट

संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि तो खांब साइटवर येण्याच्या कितीतरी आधी पार पडतो. डॉवेलची आडवी जागा स्लीव्हच्या आतील मोकळीक पाहून साधारण ±३ ते ±६ मिमीच्या आत ठेवावी लागते. उंचीचेही तसेच आहे: डॉवेल आखूड राहिली तर ग्राऊटमधील लांबी कमी पडते आणि लांब राहिली तर स्लीव्हमधील थांब्याला टेकून साडेबावीस टनांचा खांब एका सळईवर उभा राहू पाहतो.

टेम्प्लेट, म्हणजे सळया ठरलेल्या जागी धरणारा भोकांचा साचा, किमान १० मिमी जाडीच्या पोलादी प्लेटचा करावा आणि शक्य असेल तर खांबाच्या साच्याच्या तळाची प्लेट व पायाचा टेम्प्लेट एकाच वेळी, एकावर एक ठेवून भोके पाडून घ्यावेत. दोन्ही वेगवेगळ्या कारखान्यांत एकाच नकाशावरून केले की दोन्ही ‘बरोबर’ असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, हा अनुभव बहुतेकांना एकदा तरी येतो. दोन्हीवर शून्य अंशाची खूण वेल्डने उमटवावी. गोल खांबात सोळा सळया सारख्याच दिसतात, आणि वरच्या कॅपसाठीच्या (खांबावर बसणाऱ्या आडव्या तुळईसाठीच्या) सळया एका घराने फिरल्या आहेत हे कॅप चढवतानाच लक्षात येते.

एकच प्लेट पुरत नाही. एक प्लेट पायाच्या पृष्ठभागाच्या थोडी वर आणि दुसरी डॉवेलच्या टोकाजवळ अशा दोन पातळ्यांवर सळया धराव्यात, म्हणजे जागेबरोबर ओळंबाही राखला जातो. टेम्प्लेट पायाच्या जाळीला न बांधता साच्याला किंवा स्वतंत्र चौकटीला बांधावा, कारण काँक्रीट पडताना जाळी हलते. काँक्रीटच्या आधी, ओतून झाल्यावर लगेच आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर अशी तीन वेळा टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) प्रत्येक सळईची नोंद घ्यावी. दुसरी मोजणी बहुधा गाळली जाते, आणि चूक हाताने सुधारता येईल अशी वेळ तेवढीच असते.

मी काम केलेल्या एका पुलावर टेम्प्लेट दुसऱ्या पायाला हवा म्हणून काँक्रीट पुरेसे घट्ट होण्याआधीच उचलला गेला. दुसऱ्या दिवशी तीन डॉवेल १८ मिमीपर्यंत कललेल्या निघाल्या. सळई तापवून सरळ करण्याची सूचना लगेच आली. ती नाकारावी लागली, कारण अनियंत्रित तापवण्याने सळईचे गुणधर्म बदलतात आणि ही सळई जोडातील सर्वाधिक ताणाच्या जागी होती. शेवटी त्या तीन सळया कापून, कोअर काढून, डिझाइनरच्या मंजुरीने नव्या सळया इपॉक्सीत बसवाव्या लागल्या आणि त्यात दोन आठवडे गेले. टेम्प्लेटची दुसरी प्लेट कापून घ्यायला एक दिवस लागला असता.

यार्डात खांब ओतताना

स्लीव्ह साच्याच्या तळाच्या प्लेटला रबरी प्लगने घट्ट बसवाव्यात, जेणेकरून सिमेंटचे पाणी आत शिरणार नाही. वरच्या सळईवर ती किती आत जायला हवी याची रंगाने खूण करावी आणि स्लीव्हचे तोंड त्या खुणेवर आले की नाही ते पाहावे. ग्राऊट आत जाण्याची खालची नळी व बाहेर येण्याची वरची नळी खांबाच्या पृष्ठभागापर्यंत आणून त्यांची तोंडे बंद करावीत. दाट सळयांमध्ये या नळ्या दबून चपट्या होतात, म्हणून साचा बंद करण्यापूर्वी प्रत्येक नळीतून हवा मारून ती पलीकडून निघते का ते तपासावे. साचा निघाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी आणि प्रत्येक जोडीजवळ १ ते १६ असे क्रमांक रंगवावेत.

खांबाचे तळाचे तोंड गुळगुळीत राहू देऊ नये. त्या भागात साच्याच्या प्लेटला रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणे लांबवणारे रसायन) लावून नंतर पाण्याच्या झोताने खडी उघडी करणे हा टाचे मारण्यापेक्षा बरा मार्ग आहे, कारण छिन्नीने स्लीव्हच्या तोंडाभोवतीचे काँक्रीट हमखास उडते.

कोरडी जुळवणी आणि शिमा

खांब साइटवर आल्यावर पायाचा पृष्ठभाग तयार करावा. वर जमलेली सिमेंटची साय काढून खडी दिसेपर्यंत पृष्ठभाग खरबरीत करावा, धूळ हवेने उडवावी आणि डॉवेलवरील सुटा गंज व काँक्रीटचे शिंतोडे तारेच्या ब्रशने काढावेत. हलका, घट्ट चिकटलेला गंज चालतो. तेल किंवा शटरिंगचे ग्रीस मात्र अजिबात चालत नाही.

यानंतर खांब न उचलता जुळवणी तपासण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. साच्याच्या तळाच्या प्लेटवरून कापलेला पातळ पत्रा, ज्यात स्लीव्हच्या आतील व्यासाची भोके आहेत, डॉवेलवरून खाली उतरवून पाहावा. पत्रा अडकला तर खांबही अडकणार, आणि पत्रा दोन माणसे उचलतात.

पाया आणि खांब यांच्यामध्ये ग्राऊटचा २० ते २५ मिमी जाडीचा थर ठेवतात व ती जाडी शिमांनी (खाली ठेवलेल्या पातळ चकत्यांनी) साधली जाते. शिमा तीनच असाव्यात असे मी आग्रहाने सांगतो. चार ठेवल्या तर त्यांपैकी एक नेहमी मोकळी राहते आणि खांब कोणत्या तीनवर टेकला आहे ते कळत नाही. शिमांमधील अंतर ८०० मिमी असेल, तर एका शिमेतील १ मिमीची चूक ८ मीटर उंचीवर १० मिमी होऊन दिसते, म्हणून शिमांची पातळी पाणसळीवर न सोडता डिजिटल लेव्हलने घ्यावी. पोलादी शिमांपेक्षा कडक प्लॅस्टिकच्या शिमा बऱ्या, कारण पोलादी शिम पुढे ग्राऊटपेक्षा अधिक भार स्वतःवर ओढते आणि कडेला असल्यास गंजते. कोणतीही शिम स्लीव्हच्या तोंडाखाली येणार नाही आणि कव्हरच्या पट्ट्यात राहणार नाही हे पाहावे.

खांब उभा करणे

आडवा आलेला खांब उभा करताना त्याचे तळाचे टोक जमिनीवर घासते आणि स्लीव्हच्या तोंडाभोवतीची कड फुटते. त्या टोकाखाली वाळूची गादी किंवा लाकडी ठोकळे द्यावेत, नाहीतर दोन हुकांनी हवेतच उभा करावा. खांब डॉवेलवर आल्यावर तो क्रेनच्या दोरावरच थांबवून, प्रत्येक बाजूला एक माणूस बसवून, सोळाही सळया स्लीव्हच्या तोंडात शिरल्याची हाक मिळाल्यावरच पुढे उतरवावा. काही डॉवेल इतरांपेक्षा ५० मिमी उंच ठेवल्या तर त्या आधी शिरतात आणि वाट दाखवतात. मात्र स्लीव्हमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी पाहावे लागते.

तिरपे टेकू किमान दोन, एकमेकांशी काटकोनात लावावेत. ओळंबा दोन दिशांनी थिओडोलाइटने पाहून स्क्रूने जुळवावा आणि तो पक्का होईपर्यंत क्रेनचा दोर सोडू नये. ग्राऊट भरल्यानंतर टेकूंना हात लावायचा नसतो, म्हणून त्यांच्यावर लाल पट्टी बांधण्याची पद्धत चांगली आहे.

सील आणि ग्राऊट

आता त्या अर्ध्या दिवसाकडे येऊ, ज्याच्यावर जोडाचे भवितव्य अवलंबून असते. ग्राऊट दोन प्रकारे भरता येतो. एका प्रकारात खांबाच्या तळाभोवती बांध घालून तळाचा थर आणि सर्व स्लीव्ह एकत्र, एकाच तोंडातून भरतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक डॉवेलभोवती रबरी कडी बसवून स्लीव्ह तळाच्या थरापासून वेगळ्या करतात, तळाचा थर आधी घालतात आणि मग प्रत्येक स्लीव्ह स्वतंत्रपणे भरतात. पहिली पद्धत वेगवान आहे. पण बांध कुठेही फुटला तर सोळाही स्लीव्हमधील पातळी एकदम खाली येते. पुलाच्या जाड खांबांसाठी मी दुसरी पद्धत पसंत करतो, कारण तिथे एका स्लीव्हची चूक एका स्लीव्हपुरतीच राहते.

साहित्याचा हिशेब आधी करावा. १.२ मीटर व्यास आणि २५ मिमी जाडीचा थर म्हणजे सुमारे २८ लिटर ग्राऊट. स्लीव्हचे आकारमान उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावे. जोड डक्टचा असेल तर ८० मिमी आतील व्यासाच्या, ९०० मिमी लांबीच्या डक्टमधून ३२ मिमीची सळई वजा करता प्रत्येकी सुमारे ३.८ लिटर आणि १६ डक्टना सुमारे ६१ लिटर ग्राऊट लागेल. तळाच्या थरासह हे ८९ लिटर होतात. वाया जाणारा भाग धरून १०५ लिटर धरले, आणि २५ किलोच्या पिशवीतून १२ ते १३ लिटर ग्राऊट मिळतो असे मानले, तर ९ पिशव्या लागतील. चाचणी व राखीव धरून तेराच्या खाली जाऊ नये. मधेच पिशवी संपणे हा या कामातील सर्वांत लाजिरवाणा अपघात आहे.

स्लीव्हसाठी स्लीव्हच्या उत्पादकाने प्रमाणित केलेलाच ग्राऊट वापरावा. ‘ताकद तेवढीच आहे’ म्हणून दुसरा ग्राऊट वापरला तर स्लीव्ह आणि ग्राऊट यांच्या जोडीवर झालेल्या ताण-चाचणीला अर्थ उरत नाही. पाणी बादलीने न घेता वजनाने किंवा खुणा केलेल्या मापाने घ्यावे. मिश्रण यांत्रिक मिक्सरमध्ये उत्पादकाने सांगितलेल्या वेळेपर्यंत करावे, दोन मिनिटे ठेवून हवेचे बुडबुडे निघू द्यावेत आणि प्रत्येक घाणीचा प्रवाहीपणा शंकूने तपासावा. घट्ट होऊ लागलेल्या ग्राऊटमध्ये वरून पाणी घालण्यास सक्त मनाई असावी. ग्राऊट, पाणी आणि खांबाचा पृष्ठभाग यांचे तापमान ५ अंश सेल्सिअसखाली असेल तर काम थांबवावे. उन्हात तापलेल्या खांबाला सावली करून आणि थंड पाण्याने मिश्रण करून काम पहाटे उरकावे, कारण तापलेल्या पोलादी स्लीव्हमध्ये शिरलेला ग्राऊट अर्ध्या वाटेत घट्ट होतो.

पंपाचे तोंड नेहमी खालच्या नळीला लावावे. ग्राऊट खालून वर चढतो तेव्हा हवा पुढे ढकलली जाते; वरून ओतला तर हवा आत अडकते. वरच्या नळीतून प्रथम फेसाळ, मग पातळ आणि शेवटी सलग, जाड, बुडबुड्याविना धार येते. ही धार दोन-तीन सेकंद वाहू द्यावी, वरचे तोंड प्लगने बंद करावे, पंप क्षणभर तसाच धरावा, मग तोंड काढून खालचा प्लग लगेच ठोकावा. पुढच्या स्लीव्हकडे जाण्याआधी क्रमांक नोंदवहीत खोडावा. पाच ते दहा मिनिटांनी पहिल्या स्लीव्हकडे परत येऊन वरचा प्लग काढावा आणि तारेने आत चाचपून पाहावे. तारेला ग्राऊट लगेच लागला पाहिजे. तो आत खचला असेल तर गळती शोधून बंद करावी आणि कामाचा वेळ संपण्याआधी भर घालावी. वरच्या तोंडाला वर वळवलेली पारदर्शक कोपरनळी लावली की ही पातळी प्लग न काढताही दिसते, शिवाय थोडा ग्राऊट खचला तर नळीतील साठा आत उतरतो; एवढ्या स्वस्त साधनाचा एवढा उपयोग क्वचितच होतो.

एखाद्या स्लीव्हच्या वरच्या तोंडातून धार आलीच नाही तर पंपाचा दाब वाढवत राहू नये. त्याने सील फुटते. प्रथम वरच्या नळीत तार घालून अडथळा मोकळा करावा. तरीही धार आली नाही आणि स्लीव्ह स्वतंत्र असतील, तर ग्राऊट ओला असतानाच ती स्लीव्ह पाण्याने धुऊन, हवेने कोरडी करून पुन्हा भरावी. ग्राऊट घट्ट झाल्यावर पोकळी आढळली तर वरच्या नळीतून ड्रिल करून एंडोस्कोपने तिची खोली मोजतात आणि बारीक नळीने, हवेला बाहेर पडण्याची वाट ठेवून, पुन्हा भरतात. मात्र ही दुरुस्ती डिझाइनरला कळवल्याशिवाय करू नये, कारण पोकळी सळईच्या टोकाशी आहे की तोंडाशी यावर उरलेली पकड अवलंबून असते.

ताकद आणि टेकू

प्रत्येक पाळीच्या ग्राऊटचे क्यूब घ्यावेत आणि त्यांतील काही खांबाशेजारीच, त्याच ऊन-थंडीत ठेवावेत. प्रयोगशाळेतील टाकीत ठेवलेला क्यूब टेकू कधी काढायचे ते सांगत नाही. चीनमधील स्लीव्ह-ग्राऊटिंगच्या तांत्रिक मानकात जागेवर ठेवलेल्या नमुन्याची ताकद ३५ मेगापास्कल झाल्याशिवाय जोडाला धक्का पोहोचेल असे पुढचे काम करू नये असे म्हटले आहे. आपल्या कामाचा आकडा डिझाइनरने वाऱ्याचा भार आणि कॅपचे वजन पाहून ठरवावा. तोवर खांबाला शिडी टेकवणे, शेजारी पाईल ठोकणे किंवा वर जड माल चढवणे टाळावे.

सॉकेटचा जोड

सॉकेटमध्ये खांब किती खोल रोवायचा हा मुख्य प्रश्न असतो. युरोकोड २ नुसार खांब व खळगा यांचे पृष्ठभाग गुळगुळीत असतील तर खोली खांबाच्या रुंदीच्या किमान १.२ पट हवी आणि घर्षणांक ०.३ पेक्षा अधिक धरू नये. दोन्ही पृष्ठभागांवर खाचा असतील तर जोड एकसंध ओतल्यासारखा मानता येतो. आपल्या खांबासाठी गुळगुळीत पृष्ठभागाची ही खोली १.४४ मीटर येते. वॉशिंग्टन विद्यापीठातील चाचण्यांत खांबाच्या व्यासाच्या सुमारे १.१ पट खोल, खरबरीत केलेल्या जोडांमध्ये नुकसान खांबातच झाले आणि पाया शाबूत राहिला. पण पाया व्यासाच्या निम्म्या जाडीचा ठेवल्यावर पायाच फुटला. पातळ पायात सॉकेट नको असे सुरुवातीला म्हटले त्याचे कारण हेच आहे.

ओल्या सॉकेटमध्ये खांब आधी उभा करून टेकूंवर धरतात, पायाची जाळी त्याच्याभोवती बांधतात आणि पाया नंतर ओततात. वॉशिंग्टन राज्यातील ग्रँड माउंड येथील पुलाचे खांब अशाच पद्धतीने बसवले होते. यात ग्राऊटच लागत नाही. मात्र खालची जाळी खांबाखालून सलग जाते आणि वरची जाळी खांबाला वळसा घालून न्यावी लागते, त्यामुळे खांबालगत अडलेल्या सळयांऐवजी दोन्ही बाजूंना तेवढ्याच अधिकच्या सळया द्याव्या लागतात. खांबाच्या खाली काँक्रीट जाते की नाही हा दुसरा कच्चा दुवा. एका बाजूने काँक्रीट ओतून ते दुसऱ्या बाजूने वर येताना दिसेपर्यंत त्याच बाजूने ओतत राहावे. दोन्हीकडून ओतले तर खांबाखाली हवा कोंडते.

कोरड्या सॉकेटमध्ये पायात आधीच खळगा ठेवलेला असतो. त्याला नालीदार पोलादी पाइपचा साचा दिला तर खाचा आपोआप मिळतात. खांबाभोवती ५० ते ७५ मिमी जागा ठेवावी; त्याहून कमी जागेत ग्राऊट तळापर्यंत पोहोचत नाही. खळग्यातील पाणी पूर्ण काढून, तळाची पातळी शिमांनी घेऊन खांब उतरवावा आणि वरच्या कडेला पाचरी ठोकून ओळंबा साधावा. ग्राऊट पहिल्या टप्प्यात पाचरींच्या खालपर्यंत, एकाच बाजूने सावकाश भरावा. तो ठरलेल्या ताकदीला आल्यावर पाचरी काढून उरलेला भाग भरावा. पाचरी आत विसरल्या गेल्या तर लाकडी पाचरी पाणी शोषून फुगतात आणि पोलादी गंजतात, आणि दोन्ही वेळा तडा खांबालगतच्या वरच्या कडेवर, म्हणजे पाणी आत शिरण्याच्या जागीच उमटतो. म्हणून पाचरी ठोकताना मोजून नोंदवाव्यात, काढताना तेवढ्याच निघाल्या आहेत हे पाहावे आणि मगच दुसरा टप्पा ओतण्यास परवानगी द्यावी.